पार्कला सकाळी कोण पोचणार

शनिवार, एप्रिल. लातूर

डोकं नुसतं तापलंय, म्हणून लिहायला बसले. सोनूची परीक्षा संपली, उद्या हैदराबाद रस्त्यावरच्या वॉटर पार्कला जायचं कबूल केलेलं. मी म्हणले, "सकाळी टँकर येतो. पाणी भरून निघू, दुपारी पोचू."

हे म्हणाले, "दुपारी जाऊन काय उपेग? गर्दी लई ऱ्हाती. उघडायच्या टायमालाच पोचाय पाहिजे. मी आन् सोनू पहाटेच निघतो."

"आन् टँकर?"

"तू हाईस की घरी."

सोनूनं विचारलं, "आई न्हाई येणार?"

तर हे तिला सांगतात, "आईला पाण्याची आवड न्हाई."

मला? मी इस्लापूरची. पैनगंगेत भावांच्या आधी पोहायला शिकले. जिल्ह्याचं गाव, नळाला पाणी असंल, म्हणून आबांनी मला इथं दिलं. इतक्या वर्षांत या माणसानं एकदा तरी विचारलं का, तुला पोहता येतं का म्हणून? आवड न्हाई म्हणे. आणि रोज टँकरपाशी घागरीसाठी भांडते, ती काय हौस म्हणून?

मग बोललेच. "सकाळीच पोचायचं ना? सोनूला मी नेते. टँकर तुम्ही बघा."

"बायांच्या रांगेत मी उभा राहू?"

"हाव."

तेव्हापासून मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेत. बसू देत. सोनूच्या पिशवीत मी माझा जुना पंजाबी ड्रेस कोंबलाय. साडीवर पाण्यात धड हात मारता येत नाहीत.