आंबुशीचा जीनोम आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च
आजपासून राग बंद. मी मुळात शांतच आहे, लोक डिवचतात. महिनाअखेर आंबुशीच्या मायटोकाँड्रियाचा जीनोम, म्हणजे त्यातल्या डीएनएची सगळी अक्षरं, वाचून पूर्ण करायचा. खायची, औषधी भाजी. जग माझे आभार मानेल. नाही झाला तर प्रयोगशाळेच्या मॅडम माझा विषय आणि टेबल तिथेच काम करणाऱ्या मावसभावाला देणार. मग मावशी जन्मभर माझ्या आईला ऐकवणार. हा डीएनए फक्त आईकडून येतो, हे त्या मूर्खाला नुसतं पाठ आहे.

७ मार्च
रोपं अंधारात वाढवायची असतात. हिरवी झाली की हिरव्या रंगाचाच डीएनए सगळीकडे घुसतो. कुणीतरी खोलीचं दार उघडं टाकलं. सगळी हिरवीगार! दाराला लाथ घातली. निखळलं. आधीच सैल होतं.

१० मार्च
मावसभाऊ म्हणतो, दार तूच उघडं ठेवलंस. मी शांतपणे कॉलर धरली. तो दंडाला कडकडून चावला. लहानपणीही चावायचा. खुर्ची मोडली, ती त्याच्यामुळे.

१९ मार्च
नवी रोपं, पिवळीधमक. लिक्विड नायट्रोजन ओतून खलात कुटायला घेतली. तो म्हणाला, हळू, खल फुटेल. मला शिकवतो! बत्ता नुसता उगारला, याचा ओठ मध्ये आला. त्याने माझं नाक फोडलं. रक्ताची धार लागली, पण खलावर आडवा पडून मी कूट वाचवलं. विज्ञानासाठी रक्त सांडणं म्हणतात ते हेच.

२८ मार्च
जिंकलो! कॉम्प्युटरने डीएनएचे तुकडे जोडून दिले. सुबक, बंद वर्तुळ: साडेसोळा हजार अक्षरं. वनस्पतींचा लाखांत असतो म्हणे. म्हणजे माझी आंबुशी जगावेगळी. उरलेले वेडेवाकडे तुकडे कचरा म्हणून कायमचे डिलीट केले. मावसभाऊ आकडा दोनदा तपासून गेला. जळतो मेला.

३१ मार्च
मॅडम म्हणाल्या, साडेसोळा हजार म्हणजे माणूस. आंबुशी त्या कचऱ्यात होती. खलात रक्त कुणाचं, हेही विचारलं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं, त्याने माझ्याकडे. ठरवता येईना: आमच्या आया सख्ख्या बहिणी, दोघांचं वर्तुळ अक्षर न् अक्षर सारखं. टेबल दोघांनाही नाही.

घरी आईला सगळं समजावलं. ती म्हणाली, म्हणजे महिनाभर राबून तू मला शोधून काढलंस? मी तर स्वयंपाकघरातच होते. आणि सणकन डाव्या कानाखाली वाजवली.

मावसभावाचा मेसेज आला. मावशीनेही. डाव्याच गालावर.

बर्फ लाव, असं कळवलं.