हिरवाच पोचला पाहिजे

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर अण्णांना ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी ते ऐकत नाहीत, म्हणून हे पत्र. त्यांना मोठ्याने वाचून दाखव. बातमी चांगली आहे, तेव्हा त्यांना मध्येच उठून जाऊ देऊ नकोस.

आमच्या कंपनीने तुझ्या पॅकहाऊसमधून केळ्यांचा एक कंटेनर बोटीने इकडे परदेशात चाचणीसाठी मागवायचं ठरवलं आहे. माल तपासणाऱ्या विभागाच्या बाईंना मी आधीच सांगून टाकलं की पॅकहाऊस माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे. त्या म्हणाल्या, केळ्यांना नाती कळत नाहीत, आम्ही फक्त रंग बघतो. कंटेनर हिरवा पोचला तर वर्षभर दर आठवड्याला एक. पिवळा पोचला तर नमस्कार.

हिरवाच का, असं तिकडे कुणी विचारलं तर सांग. इथे आम्ही केळी बंद खोलीत ठेवून, गॅस सोडून, हवी तेव्हा पिकवतो. दुकानदाराला मंगळवारी पिवळं हवं असेल तर ते मंगळवारीच पिवळं होतं. वाटेत स्वतःच्या मर्जीने पिकलेल्या केळ्याला इथे कुणी विचारत नाही.

एक तक्रार मात्र आहे. दिवसभर केळ्यांत असतो आणि आपल्या परसातल्या केळीची चव विसरून गेलो. इथलं केळं दिसतं नवऱ्या मुलासारखं आणि लागतं खोक्यासारखं. पण ज्या धंद्यावर पोट चालतं त्याला नावं ठेवू नयेत, म्हणून इथेच थांबतो.

अण्णांना शि. सा. न. लोभ आहेच, या महिन्यात तो खोकी नीट भरण्यात दिसावा.

तुझा,
धाकटा


२९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं, दुसऱ्यांदा चुका काढल्या आणि तिसऱ्यांदा तक्रारीचा परिच्छेद तेवढा पुन्हा वाच म्हणाले. केळं खोक्यासारखं लागतं हे ऐकल्यावर ते उठून परसात गेले.

कंटेनर काल निघाला. पॅकिंगच्या बायकांनी फण्या तान्ह्या मुलांसारख्या धुतल्या. एकाही केळ्याला चिकाचा डाग राहिला नाही. पेपरात आलं होतं की यंदा परदेशी गेलेली केळी गेल्या वर्षीच्या दीडपट आहेत. अण्णा म्हणाले, त्यात आपलं एकही नाही, मग आपण कशाला खूश व्हायचं.

तुला माहीत आहे, हंगाम संपला की या बायकांना मला घरी बसवावं लागतं. ही ऑर्डर मिळाली तर कुणालाच बसवावं लागणार नाही. मी त्यांना एक शब्दही बोलले नव्हते, पण बातमीला पाय फुटले. हल्ली त्या मला न मागता चहा आणून देतात. त्या चहाचा मी धसका घेतला आहे.

अण्णांचा कडक पहारा होता. एक पिकलेलं फळ बंद जागेत आजूबाजूचं सगळं पिकवतं, हे त्यांनी आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं, तेच आता सगळ्यांना शिकवतात. परवा एकीच्या डब्यात सफरचंद सापडलं, तर तिला फाटकाबाहेर उभं करून खायला लावलं आणि ती खात असताना व्याख्यान दिलं. कंटेनरमधली शेवटची रास तर त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवून स्वतः लावली. म्हणाले, माझ्या मुलाच्या दारात जाणारा माल आहे. मला जरा भरूनच आलं.

जेवण वेळेवर घेत जा. तब्येतीचं खरंखरं लिही.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कंटेनर पोचला. दार मी स्वतः उघडलं. केळी पिवळी होती, एकूण एक, आणि दिसायला अतिशय सुंदर. कुणालाही आनंद झाला नाही.

बाईंनी आधी थंडाव्याच्या मशीनची नोंद पाहिली. प्रवासभर तापमानाची रेघ सरळ. मग मी एकेक खोकं उघडायला घेतलं आणि दारालगतच्या, सगळ्यात शेवटी लावलेल्या राशीत ते सापडलं. केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेली एक फणी, केळीच्याच सोपटाच्या दोरीने बांधलेली, वर अण्णांची ती दुहेरी गाठ. परसातली केळी. सगळी काळी पडली होती. ती निघाली तेव्हाच पिवळी असणार, आणि वाटेत तिने साऱ्या कंटेनरला कामाला लावलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे, पण कुंपणाने ते माझ्यासाठी खाल्लं.

बाईंनी कारण विचारलं. मशीनवर ढकलता आलं असतं असं नाही, आणि आलं असतं तरी ढकललं नसतं. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी मला खाऊ पाठवला. त्या म्हणाल्या, पुरावा दाखवा. मी म्हणालो, तो मी खाल्ला. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

तर ऑर्डर नाही. पण बाई म्हणाल्या की ज्या चुकीचं कारण कळलं ती काढून टाकता येते. तू लेखी मागितलंस तर आणखी एक कंटेनर बघतील, शेवटचा. अट अशी की भरताना वडील आत असता कामा नयेत. हे त्यांना तुलाच सांगावं लागेल. मला लिहायलाही जमत नाही.

राग माझ्यावर काढ. तक्रार मी केली होती.

तुझा,
धाकटा


२२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. (अनेक नाहीत. मी अजून रागावलेली आहे.)

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. मशीन बिघडलं असं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, असं मला दोन दिवस वाटत होतं. आता वाटत नाही. पण ते दोन दिवस तुला माहीत असावेत.

मग अण्णांसमोर वाचलं, अटीचं वाक्य तेवढं गाळून. वाचून झाल्यावर मी बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान इथपासून सुरुवात केली आणि बायकांच्या पगारापर्यंत आले. त्या सफरचंदवालीचं नाव घेतल्यावर त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, मला वाटलं कंटेनरच्या थंडीत ते जसंच्या तसं राहील. साऱ्या जगाला एक नियम शिकवला आणि स्वतःच्या मुलापुरता तो लागू नाही असं धरून चालले. एवढं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं: केळं कसं लागलं, ते त्याने लिहिलं नाही का? मी पत्र घडी करून उठले.

दुसरा कंटेनर काल भरला. बाईंची अट मी अण्णांना परवा रात्री जेवताना सांगितली. ते म्हणाले, बरोबर आहे त्या बाईंचं, मीसुद्धा हेच सांगितलं असतं. सकाळी फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले. आत जाणाऱ्या प्रत्येकीने त्यांना डबा उघडून दाखवायचा, असा त्यांनीच कायदा केला. मी आत निघाले तर मलाही थांबवलं. मग स्वतः उठले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, आता माझे खिसे बघ. सगळ्यांच्या देखत बघ. मी बघितले. खिशात चष्म्याची डबी होती. आयुष्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दार बंद होताना ते लांबूनच पाहत होते. बायका आता चहा आणत नाहीत, नुसत्या माझ्या तोंडाकडे बघतात.

आता काय ते तुझ्या दारात आहे.

तुझी,
ताई


१७ एप्रिल

ती. ताईस आणि ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

कंटेनर काल उघडला. हिरवा. शेवटच्या राशीपर्यंत हिरवा. बाईंनी अधूनमधून काही खोकी पाहिली, मान हलवली आणि सही केली. ऑर्डर तुमची. वर्षभर, दर आठवड्याला. ताई, बायकांना आजच सांग, आणि चहा आणला तर बिनधास्त पी.

अण्णा, तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर. केळं पार उतरलं होतं. साल काढताना हाताला चिकटत होतं आणि वास औषधासारखा येत होता. मी सगळी फणी उभ्याउभ्या खाल्ली आणि एकही टाकलं नाही. चव होती ती आपलीच होती.

आता खरं ते लिहितो. नियमाप्रमाणे थोडी खोकी पाहिली की काम संपतं. बाई गेल्यावर मी उरलेली सगळी उघडली. फोर्कलिफ्टवाल्याने विचारलं, काय शोधताय, सही तर झाली. मी म्हणालो, खात्री करतोय. संध्याकाळपर्यंत खात्री करत होतो. प्रत्येक खोक्यात धुतलेली, पुसलेली, एका मापाची हिरवी केळी होती, आणि दुसरं काहीही नव्हतं. अण्णा, तुम्ही अट अगदी चोख पाळलीत. मला फार वाईट वाटलं.

बाईंकडे रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून खरंच लिहिलं: केळं खायला गावी जायचं आहे. त्यांनी रजा तिथल्या तिथे मंजूर केली.

पुढल्या महिन्यात येतो. लोभ तिथेच ठेवा, पाठवू नका.

तुमचा,
धाकटा