सहा फुटी शेवाळाला तीन आठवड्यांची मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शासकीय वनस्पती उद्यान.

विषय : वाफा क्र. १४ मधील देशी झुडूप सोमवारी न उपटणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, 'अवास्तव वाढलेले शेवाळ काढून टाकणे'.

महोदय,

मी वाफा क्र. १४ चा माळी. सदर झुडूप शेवाळ नाही, हे आधीच नम्रपणे, पण ठासून सांगतो.

१. हे झुडूप बी पेरल्यापासून आठव्या वर्षी, एकदाच फुलते. तेवढ्या काळात येथे तीन साहेब बदलले आणि तिघांनीही तपासणीत 'फूल आढळले नाही' असा शेरा मारला. तीन शेरे होताच नियमाप्रमाणे ते सपुष्प वर्गातून अपुष्प वर्गात, म्हणजे शेवाळांच्या यादीत गेले. नोंदवहीत शेवाळाची कमाल उंची चार बोटे. हे भरले सहा फूट. झाले, उपटा!

२. शेवाळ म्हणून त्यावर दिवसातून चारदा पाणी मारण्याचा हुकूम होता. ते पाणी मी शेजारच्या वाफ्याला घातले. गुन्हा कबूल आहे. हुकूम पाळला असता तर मुळे केव्हाच कुजली असती.

३. फूल आणून दाखवा, वर्ग बदलतो, असे आपण म्हणालात. फूल तोडणाऱ्यास निलंबित करू, अशी पाटी आपल्याच सहीने फाटकावर आहे. माणसाने करावे तरी काय? शिवाय आज नुसत्या कळ्या आहेत, आणि कारकून म्हणतात वहीत कळीचा रकाना नाही.

४. माझी बायको म्हणते, "अहो, आठ वर्षांत तुमच्या तोंडून एक गोड शब्द निघाला नाही, म्हणून मी तुम्हाला दगडांत धरलं का?" हे मत तांत्रिक नसले तरी विचारात घ्यावे.

५. आता खरे सांगतो. मागचे झुडूप फुलले तेव्हा कार्यालयाने मला फुले ओळखण्याच्या प्रशिक्षणास पाठविले होते. परत आलो तर सगळे वाळलेले. त्याचेच बी मी पेरले. या ३० तारखेस मी निवृत्त होत आहे. साहेब, मला ते एकदा फुललेले पाहायचे आहे हो.

६. फुलून गेले की हे झुडूप आपणहून मरते, तेव्हा आपला आदेश वाया जाणार नाही. सोमवारी कुदळ मीच आणायची आहे. तिचा दांडा मोडला आहे. नवा बसवायला मला तीन आठवडे लागतील.

कळावे.

आपला नम्र,
माळी, वाफा क्र. १४
दि. ११ सप्टेंबर

सोबत :
१) फुले ओळखण्याचे प्रमाणपत्र (प्रथम श्रेणी)
२) मोडलेला दांडा
३) कळी : जोडलेली नाही. कृपया येऊन पाहावी.