नाला सरकला, आम्ही तिथंच

सोमवार, ४ मे
जनगणनेच्या मॅडम गल्लीच्या तोंडापासून परत गेल्या. कोपऱ्यावरच्या दारावर नंबर टाकला, पुढं एकाही दारावर नाही. मी चक्की बंद केली आन् पिठाच्या हातानंच मागं धावली. म्हणे, शहराची हद्द नाल्यापर्यंत, तुमची घरं नाल्यापलीकडं, ग्रामीण तालुक्यात. म्हटलं, नाला तर आमच्या मागून वाहते. त्यायनं मोबाईलवर नकाशा दाखवला. नकाशात नाला गल्लीच्या तोंडाशी.
आता तेही खोटं नाही. पहिले तिथंच होता. लेआउटवाल्यानं जास्तीचे प्लॉट पाडाले मागं सरकवला. नकाशाले कोण सांगन?

बुध. ६
गावाकडच्या मोजणीचे गुरुजी आले. नाल्याच्या पुलावर थांबले, तिथूनच परत. त्यायची हद्दही नाल्यापर्यंत. मॅडम नकाशातला नाला धरते, गुरुजी डोळ्यासमोरचा. मधात आम्ही, ना घर के ना घाट के.
हे म्हणाले, जाऊ दे ना, कन्हानले भावाच्या घरी आपली नावं सांगून देऊ. असं डोकं फिरलं! कन्हानले मी झोपते काय? राहतो इथं, वीजबिल भरतो इथं, मोजाले कन्हान? रागात ज्वारी जाडी दळली गेली, गिऱ्हाईकाची बोलणी खाल्ली.

शुक्र. ८
मॅडम अन् गुरुजी, दोघायले एकाच वेळी चहाले बोलावलं. एकमेकांचं माहीत नव्हतं त्यायले. कूलरसमोर बसवलं, पोहे दिले, म्हटलं आता तुम्हीच ठरवा. मॅडमनं नकाशा काढला, गुरुजींनी खिडकीतून नाला दाखवला. मग दोघंही एकमेकांले, "हे लोक तुमचेच."
शेजारच्या वच्छलाबाईले राहवलं नाही. "काहून भांडता गा गुरुजी? नांदवाले थोडीच नेऊन राहिले आम्हाले. नुसतं मोजा ना."
गुरुजी हसले. पण तहसीलीतून लेखी आलं तरच पूल ओलांडीन म्हणे. माणूस वाईट नाही, भीते.

सोम. ११
अख्खी गल्ली तहसीलीत. सासूबाईले ऑटोतून आणलं, खुर्ची घरूनच. नायब तहसीलदार म्हणाले, निवेदन ठेवून जा, पाहू.
"निवेदन नाही आणलं साहेब. माणसं आणली. मोजा."
असं इथं नसते मोजत, घरी येऊन मोजतात, म्हणे. घरी कोणी येत नाही म्हणूनच आलो, म्हटलं. हे मागून पदर ओढत होते. ओढा म्हटलं मनात. ऊन डोक्यावर आलं, कोणीच उठलं नाही. सासूबाईनं तिथंच डबा उघडला.
जेवणाच्या सुटीनंतर साहेब कोरा कागद घेऊन बाहेर आले. तात्पुरतं लिहून घेतो, हद्दीचं वरून ठरन, ही मोजणी धरतीन का नाही ते सांगता येत नाही. लिहा, म्हटलं.
पहिलं घर आमचं. "कुटुंबप्रमुख?" यांच्याकडं पाहून विचारलं. यांनी माझ्याकडं पाहिलं.
मी माझं नाव सांगितलं, पूर्ण. साहेबाचा पेन थांबला. मग लिहिलं त्यायनं.
लय बरं वाटलं.
येताना ऑटोत हे हळूच म्हणाले, "मग मी कोण वं?"
म्हटलं, पहिले आपण मोजले तर जाऊ द्या.