पॉवर सप्लायने नाव सांगितलं

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

खोका आला! मालकीण हंसाबेननी स्वतः कात्रीने उघडला. नवीन पॉवर सप्लाय, म्हणजे हवं तेवढं व्होल्टेज देणारं मशीन — राखाडी, आमच्या जुन्याच्या निम्मा. मागे नेटवर्कची वायर लावायला भोक आहे. म्हणजे हा कॉम्प्युटरला जोडता येतो. व्होल्टेज तिथूनच कमी-जास्त करायचं, आकडेही आपोआप उतरतात. असं सोबतच्या पुस्तकात लिहिलंय. इंग्रजीत. एकशे ब्याऐंशी पानं!

चौदा वर्षं मी आणि काशीनाथकाका हे हातानेच करतोय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीची ऊब सांभाळणारी बोर्डं आमच्या कारखान्यात बनतात. आम्ही दोघं ती तपासतो. काका नॉब फिरवतात, आकडा ओरडतात, मी रजिस्टरमध्ये लिहिते. एका बोर्डाचे एकतीस आकडे. आता पेट्या बनवणाऱ्या कोइमतूरच्या कंपनीने कळवलंय — हाताने लिहिलेलं चालणार नाही, प्रत्येक बोर्डासोबत छापील कागद हवा. शंभर बोर्डं, चोवीस तारखेपर्यंत. नाहीतर काम दुसरीकडे जाणार. आणि ते गेलं तर आमच्या कारखान्यात उरतं काय?

हंसाबेन म्हणाल्या, "इंजिनियर तो मार्चमें आएगा. तब तक क्या करेंगे?"

"मैं करके देखती हूँ."

कोण बोललं हे? मीच! दहावी, आयटीआय, आणि वर एमएस-सीआयटी. बस.

६ फेब्रुवारी

पुस्तक घरी आणलं. वाचता वाचता भाजी करपली.

८ फेब्रुवारी, गुरुवार

मशीनमधून कॉम्प्युटरला वायर लावली. काही नाही. भोकाशेजारी हिरवा दिवा लागायला हवा. लागत नाही. वायर काढली, फुंकली, परत लावली. नाहीच.

काका म्हणाले, "त्यापेक्षा नॉब बरा. नॉबला इंग्रजी लागत नाही."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीधा मशीन से कॉम्प्युटर? तो ये वायर नहीं चलेगा, क्रॉसवाला मंगता. नहीं तो ऑफिस में जो डब्बा है ना, जिसमें सबका वायर जाता है, उसमें लगाओ."

एवढंच होतं! तो डबा हंसाबेनच्या टेबलामागे भिंतीवर आहेच. लांब वायर आणली, स्टुलावर चढून दारावरून ओढून घेतली. खिळे मीच ठोकले. वायर डब्यात घातली आणि हिरवा दिवा लागला!! स्टुलावरून उतरले नाही, उडीच मारली.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज पत्ते. प्रत्येक यंत्राला नंबराचा पत्ता द्यावा लागतो. सुरुवातीचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. जेसल पार्कात आमची बिल्डिंग एकच आणि खोल्या वेगळ्या, तसंच. मशीनला शेवटचा आकडा दिला पन्नास. मग कॉम्प्युटरवरून हाक मारली — ह्याला पिंग म्हणतात, म्हणजे "आहेस का?" एवढंच विचारायचं.

चार ओळी उत्तर आलं! मी ओरडलेच. हंसाबेननी सगळ्यांना पेढा दिला.

पण पुढची आज्ञा — "तू कोण?" — पाठवली तर गप्प. पाच वेळा पाठवली. गप्प. पेढा आधीच खाऊन झाला होता.

१२ फेब्रुवारी, सोमवार

हसून हसून पोट दुखतंय.

सकाळपासून तेच. "आहेस का" ला उत्तर देतो, "तू कोण" ला नाही. शेवटी काकांनी खालचं बटण दाबून मशीन बंद केलं. म्हणाले, "गार होऊ दे डोकं. त्याचं आणि तुझं." मी चाळा म्हणून परत पिंग मारला.

उत्तर आलं!

काका म्हणाले, "मशीन बंद. पंखा बंद. मग बोलतंय कोण?"

दोघं स्क्रीनकडे बघतोय. मग काका उठले, ऑफिसात गेले आणि एकेक वायर उपसायला लागले. प्रिंटरची काढली — उत्तर बंद! प्रिंटरचा आकडा आधीपासूनच पन्नास होता. दोन दिवस मी प्रिंटरशी बोलत होते! काका जमिनीवर बसून हसले. चौदा वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

मशीनला सत्त्याहत्तर दिला. विचारलं, तू कोण?

त्याने सांगितलं! कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर — सगळं, एका ओळीत. मी मोठ्याने म्हणाले, "मी रुचिता."

काका मागेच उभे होते. वाटलं, आता थट्टा करणार. ते म्हणाले, "आणि मी काशीनाथ. सांग त्याला."

१४ फेब्रुवारी, बुधवार

खुर्चीत बसून बारा टाइप केलं. तिकडे मशीनवर १२.०० ! हात न लावता. दहा वेळा केलं. पंधरा, नऊ, बारा.

मग काकांनी येऊन नॉब फिरवला. काही झालं नाही. परत फिरवला. नाहीच. चहा तसाच टाकून बाहेर पायरीवर जाऊन बसले. माझा सगळा आनंद उतरला.

पुस्तक उघडलं. कॉम्प्युटरची आज्ञा चालू असली की समोरचा नॉब बंद होतो. पण एक बटण आहे, ते दाबलं की नॉब मोकळा. काकांना हाताला धरून आणलं, बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. नॉब वर नेला, खाली आणला. चांगला मिनिटभर.

"ठीक आहे," म्हणाले. "आता चालव तुझं."

१७ फेब्रुवारी, शनिवार

मशीनसोबत आलेल्या सीडीतल्या नमुन्यावरून एक्सेलची फाईल बनवली. एकतीस आकडे एका मिनिटात! पण जुन्या रजिस्टरशी जुळेनात. काकांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, "घाई करतोय तो. बोर्ड तापतं, आकडा हलतो. आकडा थांबल्याशिवाय मी कधी ओरडतो का?"

प्रत्येक आकड्याआधी आठ सेकंद थांब, असं लिहिलं. जुळले! एकतीसच्या एकतीस. हे त्या एकशे ब्याऐंशी पानांत कुठेच नव्हतं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. मिनल म्हणते, "आई, तू पोळ्या लाटतानाही आकडे पुटपुटतेस."

२२ फेब्रुवारी, गुरुवार

शंभर झाली! दोन दिवस आधी! खोके टेम्पोत चढले. प्रत्येक कागदावर काकांनी पेनाने सही केली. "छापील असू दे. तपासलंय आपण."

खाली थोडी जागा ठेवली होती. म्हणाले, "तुझी पण कर." शंभर सह्या केल्या. बोटं दुखतायत. दुखू देत!

२७ फेब्रुवारी, मंगळवार

कोइमतूरहून फोन. कागद पसंत पडले. आणि — त्यांच्याकडे असे सव्वीस पॉवर सप्लाय खोक्यांत पडून आहेत, जोडून द्यायला येणार का? दहा दिवस. विमानाचं तिकीट तेच पाठवणार. हंसाबेननी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी "यस" म्हटलं.

घरी न विचारता. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

ह्यांना अजून सांगायचंय. आधी इथे लिहिलं.