सिनेमातल्या घराचा फोटो

रत्नागिरी, रविवार, २१ जानेवारी २००१

अखेर आज नणंदेला घेऊन सिनेमातलं ते घर पाहून आले. कॅसेट लावून लावून सिनेमा पाठ झालेला, त्यामुळे पडवी फाटकातूनच ओळखली. तुळशीवृंदावन मात्र कुठेच दिसेना. सिनेमातली सून रोज संध्याकाळी जिथे दिवा लावते, ते.

पडवीत एक वयस्कर चाची सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. घर त्यांचंच, दोन्ही मुलगे कुवेतला. म्हणजे मुसलमानाचं घर. हे मला इतक्या वर्षांत सुचलं कसं नाही?

"वृंदावन लाकडाचं होतं, बाय. शूटिंगवाल्यांनी आणलं, त्यांनीच नेलं. रोप तेवढं टाकून गेले."

रोप तेलाच्या डब्यात होतं, चांगलं कमरेएवढं वाढलेलं. पाणी चाचीच घालतात. "जितं झाड मरू कसं द्यायचं?" म्हणाल्या.

इथवर ठीक. मग मी कॅमेरा काढला. तेलाचा डबा सोडला तर पडवी, मागचं दार, सगळं सिनेमातल्यासारखंच येत होतं. फक्त चाची मधे. मी म्हटलं, जरा बाजूला व्हाल का? त्यांच्याच पडवीत, त्यांनाच. तेव्हा काही वाटलंही नाही.

त्या सूप उचलून उठल्या. "काढ, काढ. शूटिंगवालेपण महिनाभर आम्हाला हेच सांगायचे."

रोल उद्या धुवायला टाकते. पडवी येईल, डबा येईल. चाची नसतील.