दोघांची बारावी, एकच खोली

ती. वन्संना,

हेमाचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय, त्यात माळ्याची शिडीही येते. आम्ही सगळे इथे बरे आहोत, म्हणजे सावकाश बोलतो आणि हळू चालतो.

कारण आमच्याकडे बारावी आहे. (अर्णवची. पण त्याचे आईबाप, सौमित्र आणि अस्मिता, इतके खंगलेत की पेपर तेच देणार असं वाटावं.) कुकरला बंदी, बेलची वायर काढलेली; त्यापायी गॅस सिलिंडर दोनदा परत गेला. नातवाला स्वतंत्र खोली, एसी, भारीतला क्लास आणि नोट्सचे गठ्ठे, ज्यांचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. आपल्याकडे स्वयंपाकाला येते त्या द्वारकाची रुपालीही बारावीलाच. वाशिमकडची माणसं, एका खोलीत सहाजण, शेजारी पत्रे कापायचं दुकान. पोरीला फार्मसीला जायचंय आणि अभ्यासाला बसायला जागा नाही. मी म्हटलं, अर्णव दुपारी क्लासला गेला की खोली नुसती पडून असते, तिथे बस.

महिनाभर सुरळीत चाललं. मंगळवारी सौमित्र ऑफिसातून लवकर आला. बंद दाराआड केमिस्ट्रीची घोकंपट्टी चाललेली. (आवाज मुलीचा कसा, हे त्याला सुचलंच नाही, इतका गहिवरला होता.) जन्मात पहिल्यांदा स्वतः बदाम दूध केलं, पातेलं करपवलं आणि पेला दाराशी ठेवून चोरपावलांनी मागे फिरला. तेवढ्यात अर्णव जिना चढून आला, क्लास बुडवून, मिसळ खाऊन. तुम्हाला वाटेल बोलणी त्याला बसली. छे. त्याची एकाग्रता बिघडते म्हणून रुपालीला खोली बंद. (तो बाहेर असताना एकाग्रता घरी ठेवून जातो, हे मला नवीनच.) मला फार राग आला. सौमित्रला म्हटलं, तू हुशार होतास हे खरं, पण तुला खोलीही होती. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. दूध रुपालीने संपवलं, तेवढं बरं झालं.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची,
हेमा

ता.क. तुमचा कर्वेनगरचा फ्लॅट भाडेकरू गेल्यापासून रिकामा आहे. परीक्षेपर्यंत रुपालीला तिथे बसू द्याल का? तुम्ही पोळ्या लाटता लाटता मॅट्रिक झालात आणि कॉलेजात मात्र हे गेले. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण सासूबाईंनी मला सांगितलं होतं. म्हणून तुम्हालाच विचारते.

ता.क. २ विचारते म्हणजे, ती गुरुवारपासून बसतेच आहे. किल्ली माझ्याकडे होतीच. नाही म्हणायचं असेल तर तिचा नंबर कळवते, तुम्हीच तिला सांगा. फक्त सहानंतर करा, आधी ती फोन उचलत नाही.